कामाला बांधलेली वचनं

गारखेडा, औरंगाबाद
नोव्हेंबर १९९६

प्रिय रिबका,

प्रभूच्या नावात तुला सलाम आणि खूप खूप आशीर्वाद. पाकीट जाड लागलं म्हणून लगेच रजेचा अर्ज टाकू नकोस. मी पडलेले नाही, ताप नाही, घरमालकाशी भांडणही झालेलं नाही, निदान या आठवड्यात तरी नाही. फोनवर सांगता आलं असतं, पण एसटीडी बूथच्या त्या काचेच्या खोक्यात उभं राहून, बाहेर माणसं ताटकळत असताना, आत्म्याचं बोलणं मला जमत नाही. म्हणून लिहिते. तू घाबरू नकोस असं लिहायला बसले होते, पण खरं सांगायचं तर घाबरले आहे ती मीच. मला भीती वाटते, रिबू. तुझे बाबा गेले तेव्हासुद्धा अशी वाटली नव्हती. मी विसरायला लागले आहे. चष्मा कुठं ठेवला, गॅस बंद केला की नाही, असलं विसरणं सगळ्यांचंच असतं, त्याची मला पर्वा नाही. मी बायबलमधली वचनं विसरते आहे. आयुष्यभर ज्याच्यावर उभी राहिले तेच पायाखालून सरकतं आहे, आणि सगळं सरकून गेल्यावर मी प्रभूची राहीन की नाही, या एका विचारानं मला जेवण जात नाही.

माझ्याबरोबर तू कन्नड तालुक्यातली किती खेडी पालथी घातलीस, तुला आठवतं का? तू कडेवर, छत्री काखेत आणि चित्रांची गुंडाळी पिशवीत. मिशननं मला बायबलबाई म्हणून नेमलं तेव्हा आमच्या मिससाहेबांना वाटलं होतं, चित्र दाखवलं की बाया शास्त्र शिकतील. बाया चित्र बघायच्या आणि गव्हाणीजवळच्या गायीकडं बोट दाखवून म्हणायच्या, "ह्या गाईला दूध लई असंल, बाई." पुस्तक उघडलं की त्यांचे डोळे मिटायचे. बिचाऱ्या पहाटेपासून राबलेल्या असायच्या. मग मी माझी रीत काढली. जे काम त्यांच्या हातून रोज होतंच, त्याला एकेक वचन बांधून दिलं. झाडू हातात घेतला की हरवलेलं नाणं शोधणारी बाई आठवायची. घागर भरली की ती शोमरोनी बाई, भर दुपारी एकटीच पाण्याला आलेली. पिठात मीठ टाकताना आपणच या जगाचं मीठ आहोत, आळणी झालो तर उकिरड्यावर जाऊ, हे स्वतःला बजावायचं. दिव्यात तेल घालताना त्या दहा कुमारी, ज्यांतल्या निम्म्या वेंधळ्या निघाल्या. खमीर म्हणजे काय हे काही केल्या कुणाला समजेना, भाकरीला कुठलं आलंय खमीर, तेव्हा मी सरळ विरजण केलं. चमचाभर दही पातेलंभर दुधाला आपल्यासारखं करून सोडतं, तसं देवाचं राज्य. मिससाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या, शास्त्रात दही नाही म्हणाल्या. मी म्हणाले, कन्नडमध्ये पाव नाही.

पुढं पुढं त्यांनाही पटलं. कारण रविवारची उपासना सगळ्यांनाच आवडते, गीतं असतात, चार माणसं भेटतात, चहा मिळतो. खरी परीक्षा सोमवारी असते. सासू बोलते, नवरा पिऊन येतो, म्हैस आटते, आणि अशा वेळी प्रभू कुठं तरी लांब चर्चमध्येच राहिल्यासारखा वाटतो. त्याच्याजवळ राहायला वेगळा वेळ काढा असं त्या बायांना सांगणं म्हणजे त्यांची थट्टा केल्यासारखं झालं असतं. म्हणून मी म्हणायची, वेळ नको काढू बाई, हात चालू दे, फक्त हात चालताना कुणाजवळ आहेस ते आठव. मागं एकदा फर्दापूरच्या गाडीत त्या बायांतली मनकर्णाबाई भेटली, आता पार वाकली आहे, बाप्तिस्मा काही तिनं घेतला नाही, पण मला बघून पहिलं वाक्य काय बोलली असेल, "बाई, झाडताना मी अजून त्यो रुपया हुडकते बघा." मी त्या दिवशी घरी येईपर्यंत हसत होते.

आता सांगते कसं सुरू झालं. पाऊस सरता सरता एका सकाळी मी ओटा झाडत होते. हात चालू होता, कोपरे निघत होते, आणि आत काहीच नव्हतं. नाणं हा शब्द आला. कुणाचं नाणं, ते का हवं होतं, सापडल्यावर तिनं काय केलं, काही नाही. मी झाडू टाकून पायरीवर बसले आणि मोठ्यानं म्हणाले, सारजा, वेडी झालीस का, ही गोष्ट तू झोपेत सांगशील. पण गोष्ट आली नाही. दुपारी जेवताना आपोआप आली, अख्खी, शेजारणींना बोलावून केलेल्या आनंदासकट. मी म्हटलं, चला, सापडलं, आणि विषय सोडून दिला. मग मिठाचं गेलं. मग दिव्याचं. काही परत येतात, काही येतात पण एकमेकांत मिसळून, शोमरोनी बाई नाणं शोधायला लागते आणि वेंधळ्या कुमारी विहिरीवर जाऊन उभ्या राहतात. हसतेस ना? हस, मीही पहिल्यांदा हसले. पण भांडी घासताना, भाजी निवडताना, धुणं वाळत घालताना हात रिकामे वाटायला लागले की कसं होतं ते तुला कसं सांगू. घरात आजवर कुणी तरी होतं आणि आता मी एकटीच आहे, असं वाटतं.

यापुढचं लिहायला मला जड जातं. कापणीच्या सणाच्या प्रीतिभोजनासाठी आम्ही बाया एका शुक्रवारी चर्चच्या पाळकांच्या अंगणात तांदूळ निवडायला बसलो होतो. पाळकीणबाई, आमच्या एस्तेरबाई, म्हणाल्या, सारजामावशी, तुम्ही पाखडा आणि पाखडता पाखडता नव्या सुनांना तुमची ती सुपाची शिकवण द्या. सुपाची शिकवण तुला माहीत आहे, धान्य राहतं, फोलपट उडतं, आणि सूप प्रभूच्या हातात आहे. मी सूप घेतलं, झटका दिला, तोंड उघडलं आणि गाऊ लागले. रिबू, मी मरीआईचं गाणं गायले. आईचं, तुझ्या दगडाआजीचं. मरीमाय, तुझ्या सुपात माझं लेकरू घालते, पाखडू नको, राखून ठेव. असं काहीसं आहे ते, आणि त्याला एक लांब हेल आहे, शेवटी आवाज खाली सोडायचा. मी तो हेलसुद्धा बरोबर घेतला म्हणे. मला ते कळलं नाही. मी तिथं नव्हतेच. मी आमच्या झोपडीच्या दारात होते, चुलीचा धूर येत होता आणि आई माझ्यासमोर बसली होती. एस्तेरबाईंनी खांद्याला हात लावला तेव्हा मी परत आले. एक नवी सून तोंडाला पदर लावून हसत होती, बाकीच्या सुपाकडं बघत होत्या. एस्तेरबाई शहाण्या आहेत, म्हणाल्या, "बघा, मावशींनी आपल्याला अंधारातलं आधीचं गाणं ऐकवलं, आता उजेडातलं ऐकवतील." सगळ्यांना वाटलं मी मुद्दाम गायले. मीही मान डोलावली. पण उजेडातलं मला आठवलं नाही, तेव्हा घसा बसल्याचं सांगून मी पाणी मागितलं.

तुझी आजी तू पाहिली नाहीस. पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, आणि पुढच्याच पावसाळ्यात आमच्याकडं पटकीची साथ आली. मला लागण झाली. आईनं मला दाराशी निजवलं, सुपात निंबाचा पाला आणि दाणे घेऊन मरीआईला हे गाणं म्हटलं, आणि दुसरीकडं मिशनच्या दवाखान्याची बैलगाडी आली तेव्हा त्यांचं औषधही पाजलं. मी वाचले. आई म्हणाली मरीमायनं राखली, मिससाहेब म्हणाल्या प्रभूनं राखली, आणि मी आपली दोघींच्या मधे अशक्त होऊन पडले होते. मग मिशननं मला बोर्डिंगात न्यायचं विचारलं तेव्हा आईनं पाठवलं, पण वेशीपर्यंत येऊन म्हणाली, "शिक माय, लई शिक. पर मला शिकवाया येऊ नको." मी गेलेच शिकवायला, दर सुट्टीत. ती ऐकून घ्यायची आणि मला भाकरी वाढायची. शेवटपर्यंत तिनं बाप्तिस्मा घेतला नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी मिससाहेब मला सारा नाव देणार होत्या, मी म्हटलं माझ्या आईनं ठेवलेलं राहू द्या, तेवढाच माझा हट्ट.

मला भीती कशाची वाटली ते नीट सांगते, कारण तुला वाटेल आई मरीआईला घाबरली. तसं नाही. मी किती देवळांसमोर उभी राहून बोलले आहे, मला कुणाचं भय नव्हतं. भय याचं वाटलं की गाताना मला बरं वाटत होतं. ती सगळी वचनं मी बायांच्या कामाला बांधली, माझ्या कामाला बांधली, आणि मला कधी सुचलंच नाही की ती कामं आधीपासून रिकामी नव्हती. सुपाला माझ्याआधी आईनं काही तरी बांधून ठेवलं होतं. माझी गाठ सुटली आणि खालची तिची गाठ तशीच घट्ट निघाली. उद्या अंथरुणाला खिळेन, कुणाला ओळखणार नाही, आणि पाळक येऊन डोक्यावर हात ठेवून म्हणतील, मावशी, प्रभूचं नाव घ्या. त्या वेळी माझ्या तोंडून काय येईल? हजारो बायांना ज्याचं नाव शिकवलं त्याचंच नाव मला शेवटी येणार नसेल, तर मी इतकी वर्षं काय केलं?

मी पाळकांना विचारायला गेले. नवीन आहेत, तरुण आहेत, रविवारचा संदेश चांगला देतात, फक्त जरा जास्त वेळ देतात. मी विचारलं, पाळकसाहेब, एखादं माणूस प्रभूला विसरलं, मुद्दाम नव्हे, डोकंच रिकामं झालं म्हणून विसरलं, तर त्याच्या तारणाचं काय, प्रभू त्याला आपलं म्हणेल का? ते हसले आणि म्हणाले, मावशी, वयाप्रमाणं व्हायचंच, सकाळी बदाम भिजवून खात जा. मी तारणाचं विचारलं आणि त्यांनी मला बदाम सांगितले. मला इतका राग आला की मी प्रार्थना न करवून घेता उठले. तरी जाताना ते फाटकापर्यंत आले, म्हणाले, मी यावर विचार करून सांगतो, तेव्हा माणूस वाईट नाही.

प्रभूच्या शिष्याचं, त्या पेत्राचं, मला सारखं आठवतं, म्हणजे जेव्हा आठवतं तेव्हा. प्रभूला धरून नेलं तेव्हा शेकोटीपाशी उभा राहून तो म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही, आणि कोंबडं आरवलं. ही गोष्ट मी चुलीला बांधली होती. बायांना सांगायची, विस्तवाजवळ बसून शेजारीण तुमच्या प्रभूबद्दल वाकडं बोलली आणि तुम्ही गप्प बसलात, तर कोंबडं आरवलंच समजा. किती ताठ मानेनं सांगायची मी ते. आता वाटतं, पेत्राला माहीत तरी होतं आपण कुणाला नाकारतोय. तो बाहेर जाऊन रडला, कारण त्याला आठवत होतं. मी नाकारीन आणि मला रडूही येणार नाही. असं विसरणाऱ्यासाठी शास्त्रात काय लिहिलंय, ते मला सापडत नाही.

बाकी इकडचं सांगते, नाही तर तू म्हणशील आई नुसती रडगाणं गाते. रस्त्याचं खोदकाम अजून संपलेलं नाही. घरमालकाच्या थोरल्याचं लग्न ठरलं, हुंडा घेणार नाही म्हणतात आणि मोटारसायकल घेतात. शेजारच्या मेहरुन्निसाची सगीरा बाळंतपणाला आली आहे, तुझ्याबद्दल विचारत होती, म्हणाली रिबू आपा असती तर मला धीर आला असता. नवीन क्वार्टरमध्ये तुझ्या खिडकीत ऊन येतं का ते कळव. अंगाला ऊन लागलं पाहिजे, तू नर्स असून तुला हे मी सांगावं लागतं.

मेहरुन्निसाचा विषय निघाला आहे तर हेही सांगून टाकते. मागच्या महिन्यात मी भाजी आणायला गेले आणि सूतगिरणीच्या चौकात उभी राहिले. मेथीची जुडी हातात, ऊन डोक्यावर, आणि घराकडं कुठला रस्ता जातो ते मला कळेना. चारी बाजूंनी रिक्षा येत होत्या, दुकानांच्या पाट्या वाचता येत होत्या, पण त्यांतली एकही माझी वाटेना. मी मेंढपाळाची गोष्ट आठवायचा प्रयत्न केला. मेंढरू हरवलं की मेंढपाळ बाकीची सोडून त्याच्या मागं जातो, हे मी गावोगावी सांगितलं, पण हरवलेल्या मेंढराला कसं वाटतं ते मला तोवर माहीत नव्हतं. त्याला वाटतं की आपल्याला कुणी शोधतच नाहीये. कुणाला विचारायची लाज वाटत होती, कारण काय विचारणार, माझं घर कुठं आहे म्हणून? तेवढ्यात मेहरुन्निसाचे यजमान वहाबभाई लुनावरून आले. "यां कायकू खड़े सारजाबाई, किसकी राह देख रे?" म्हणाले. मी म्हटलं, तुमचीच. मागं बसून घरी आले.

वहाबभाईंनी घरी काही सांगितलं असेल किंवा नसेल, पण मेहरुन्निसाच्या नजरेतून काही सुटत नाही. संध्याकाळी येऊन माझ्या ओट्यावर बसली, मेथी माझ्या हातातून घेऊन निवडायला लागली आणि तिच्या सासूची गोष्ट सांगितली. सासू शेवटी सगळं विसरली होती, मुलाला बाप म्हणायची, जेवली की नाही ते कळायचं नाही. पण अजान झाली की हात वर जायचे. "ज़बान गई सारजाबी, हाथ नईं गए," म्हणाली. ती मला धीर द्यायला सांगत होती. मी मात्र आणखीच घाबरले, कारण माझे हात कुठं जातात ते मी पाळकांच्या अंगणात बघून आले होते. हे मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, गाण्यासकट. तिनं हातातली काडी खुडून टाकली. मग म्हणाली, तुझी आई तुझ्यासाठीच मागत होती ना, दुसरं काय मागत होती?

हे माझ्या मनात बसलं आहे. मी शास्त्र शिकलेली बाई आहे, कुणाजवळही मागितलं तरी चालतं असं मी म्हणणार नाही, अजूनही म्हणणार नाही. पण दगडाबाईनं त्या सुपावर काय मागितलं ते मी पहिल्यांदाच ऐकलं. इतकी वर्षं मी फक्त कुणाजवळ मागितलं तेवढंच ऐकत होते. ती माझ्यासाठी भीत होती. मी तुझ्यासाठी भिते तशीच.

कारण माझी खरी प्रार्थना कुठली, ते तुला माहीत आहे. मिरजेला अमोसरावांना माती देऊन आपण परत आलो, तू चपलाही न काढता खुर्चीवर बसलीस आणि म्हणालीस, "आई, माझ्याच्यानं आता प्रार्थना होत नाही. तुला करायची तर तू कर, माझ्या वाटची." काविळीनं गेलेल्या नवऱ्याला वाचवता आलं नाही अशी नर्स काय बोलणार, म्हणून मी वाद घातला नाही. मी म्हटलं, करते. तेव्हापासून रोज सकाळी चहा उतरवून मी आधी तुझ्या वाटची करते आणि मग माझी. तू चर्चला जात नाहीस, हे मला तिकडच्या मंडळीतून कळतं, तू लपवू नकोस. मी एकदा तरी त्यावरून टोचून बोलले का? मी दोघींचं ओझं घेतलं होतं आणि मला ते जड नव्हतं. अभिमानच होता म्हण. मला वाटायचं, माझी पोरगी थकली आहे, बसू दे, मी आहे.

परवा एस्तेरबाई आल्या होत्या. पाळकांनी विचार करून उत्तर पाठवलं होतं, आणि या वेळी बदाम नव्हते. त्यांनी मला त्या पांगळ्या माणसाची गोष्ट वाचायला सांगितली, ज्याला चौघांनी खाटेवर घालून आणलं, गर्दी होती म्हणून छपरावर चढवलं आणि कौलं काढून प्रभूच्या पुढ्यात सोडलं. मी ही गोष्ट शेकडो वेळा सांगितली असेन, खाट झटकून घालण्याला बांधली होती. एस्तेरबाईंनी वाचून दाखवली आणि मधेच थांबल्या. प्रभूनं त्यांचा विश्वास पाहिला, असं लिहिलं आहे. त्यांचा, त्या आणणाऱ्यांचा. खाटेवरचा एक अक्षर बोललेला नाही. तो शुद्धीवर होता की नव्हता, त्याला प्रभू कोण ते माहीत होतं की नव्हतं, कुणी विचारलं नाही. मी इतकी वर्षं त्या पांगळ्याकडंच बघत होते, उठला, चालला, खाट उचलून घरी गेला. छपरावरच्यांकडं मान वर करून मी कधी पाहिलंच नव्हतं.

एस्तेरबाई गेल्यावर मी त्या चौघांबद्दलच विचार करत बसले. चौघंही काही पक्क्या विश्वासाचे नसतील, रिबू. चार माणसं एकत्र आली की एखादा तरी तसला असतोच. शेजाऱ्यांनी हाक मारली म्हणून निघालेला, वाटभर कुरकुर करणारा, खाट जड आहे, ऊन आहे, याचा काही उपयोग नाही, दुसऱ्याचं छप्पर फोडणं बरं दिसत नाही. पण त्यानं त्याचा कोपरा सोडला नाही. सोडला असता तर सगळंच कलंडलं असतं. आणि प्रभूनं खालून वर बघितलं तेव्हा त्याला बाजूला काढून विचारलं नाही, तुझा विश्वास किती आहे म्हणून. चौघांचा मिळून पाहिला. हे वाचून माझी भीती गेली असं मी म्हणणार नाही, ती आत्ताही इथंच आहे. पण भ्यालेल्या माणसानं काय करायचं ते तरी मला कळलं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. गुरुवारी सकाळी चहा उतरवून मी प्रार्थनेला बसले, तुझ्यापाशी आले, आणि तुझं नाव आलं नाही. तू आलीस, तुझी पांढरी टोपी आली, हनुवटीवरचा व्रण आला, रागावल्यावर तू नाकपुड्या फुगवतेस ते आलं, फक्त नाव नाही. मी प्रभूला म्हणाले, ती, माझी, मिरजेची. त्याला कळलं असेल. पण मी तशीच उठून मेहरुन्निसाच्या दारात गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, माझ्या लेकीला तू काय म्हणून हाक मारतेस गं? तिनं परात खाली ठेवली, मला जवळ घेतलं आणि तुझं नाव माझ्या कानात सांगितलं. ते आज माझ्याजवळ आहे म्हणून आजच लिहिते. तुझ्या वाटची प्रार्थना मी एकही सकाळ चुकवली नाही, बाळा, पण आता ती माझ्या हातून सुटते आहे. ती खाली पडायच्या आत तू धर. विश्वास नसला तर नसू दे, कुरकुरत धर. ड्यूटीवर जाण्याआधी प्रभूला रोज एवढंच सांग की सारजा तुझी आहे, ती काहीही गात असली तरी तुझीच आहे. आणि लगेच त्यामागोमाग तुझं नाव तू स्वतः घे, कारण एखाद्या सकाळी इथं ते घेणारं कुणी नसेल.

तुझीच,
आई